घरच्या आंब्यावर सह्याद्रीची आमरी: कोल्हापुरातील एका रोपवाटिकेचे परीक्षण

कोल्हापुरात ऑर्किड विकत मिळणे आता नवलाचे राहिलेले नाही. पुष्पप्रदर्शनात, लग्नाच्या सजावटीत, भेटवस्तूंच्या दुकानात जांभळ्या फुलांची संकरित डेंड्रोबियम ऑर्किड सर्रास दिसतात आणि ती बहुतेक थायलंडच्या बागांत तयार झालेल्या वाणांची असतात. परंतु आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील जंगलात, आंबा घाट, गगनबावडा, दाजीपूर या पट्ट्यात झाडांच्या खोडांवर वाढणारी लहान देशी आमरी, म्हणजे आपल्याकडचे ऑर्किड, रोपाच्या रूपात मागितली, तर बहुतेक रोपवाटिकांत नकारच मिळतो. कळंब्याच्या बाजूला असलेली एक लहानशी, पती-पत्नी मिळून चालवीत असलेली रोपवाटिका याला अपवाद आहे. तेथे देशी आमरीची रोपे मिळतात आणि माफक शुल्कात घरी येऊन ती बागेतील झाडावर बांधूनही दिली जातात. या रोपांचा आणि या सेवेचा अनुभव आता पुरेसा जुना झाल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: रोप निःशंकपणे घ्यावे, बांधणीची सेवा तर अवश्य घ्यावी, सोबत सुचविली जाणारी कुंडी आणि मिश्रण मात्र घेऊ नये, आणि रोपाबरोबर मिळणाऱ्या छापील माहितीपत्रकातील पाण्याविषयीचा भाग पाळू नये.

मी घेतलेली जात म्हणजे डेंड्रोबियम बार्बॅट्युलम. पश्चिम घाटातील ही आमरी पानझडी आणि निमसदाहरित जंगलांत झाडांच्या सालीला धरून राहते. झाडावर राहत असली तरी ती बांडगूळ नव्हे. झाडाचा रस ती घेत नाही, केवळ बसायला जागा घेते. तिचे कंद म्हणजे खरे तर फुगीर, कांडी पडलेली खोडे. घरच्या रोपावर ती वीतभर उंचीची आहेत. पावसाळ्यात त्यांवर पाने असतात, पाऊस सरला की पाने गळतात आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात त्याच उघड्या कांड्यांच्या टोकांवर पांढऱ्या, किंचित गुलाबी छटा असलेल्या फुलांचे घोस येतात. बाजारातील जांभळ्या संकरित फुलांसमोर ही फुले आकाराने अगदी लहान वाटतील, आणि ज्यांना दिवाणखान्यात ठेवण्यासाठी वर्षभर फुललेली कुंडी हवी आहे त्यांनी या रोपाच्या वाटेला जाऊ नये, हे रोपवाटिकेचे मालक स्वतःच ग्राहकाला सांगतात. विक्रेत्याने असे सांगणे दुर्मीळ आहे, म्हणून येथे नोंदवते.

या रोपवाटिकेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे रोप कोठून आले याचे उत्तर तेथे मिळते. देशी आमरी म्हटले की पहिली शंका हीच असते की ती जंगलातून ओरबाडून तर आणलेली नाही ना. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते, त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो, आणि निसर्गात ते रुजायला विशिष्ट बुरशीची सोबत लागते. त्यामुळे एका फळात हजारोंनी बिया असूनही प्रत्यक्ष झाडे फारच थोडी उभी राहतात. लुईस नडसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये साखर आणि क्षार घातलेल्या आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या माध्यमावर, बुरशीशिवाय, हे बी रुजवून दाखविले आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत बाटलीत आमरीची रोपे वाढविण्याचा मार्ग खुला झाला. या रोपवाटिकेत बाहेरच्या प्रयोगशाळेतून अशाच बाटल्या येतात, आणि रोपे त्यांतून काढून जाळीच्या सावलीत लहान प्याल्यांमध्ये कोळशाच्या चुऱ्यावर वाढविली जातात. मालकीणबाईंनी मला बाटलीतील बोटाच्या पेराएवढी रोपे, त्यानंतरची दुसऱ्या वर्षाची रोपे आणि विक्रीस तयार झालेली रोपे, अशी सर्व पायरी प्रत्यक्ष दाखविली.

ग्राहकालाही थोडे निरीक्षण केले तर हा फरक ओळखता येतो. प्रयोगशाळेतून आलेली रोपे एका वयाची, एका मापाची असतात, त्यांची मुळे अखंड आणि स्वच्छ असतात. जंगलातून काढलेल्या गड्ड्याची जुनी मुळे तुटलेली असतात, त्यांना झाडाच्या सालीचे तुकडे चिकटलेले असतात, पानांवर शेवाळ, दगडफूल किंवा किडीच्या जुन्या खुणा असतात, आणि दोन गड्डे कधीही सारखे नसतात. असा गड्डा स्वस्तात मिळाला तरी तो घेऊ नये. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती काढणे गुन्हा ठरते, आणि आमरीचे संपूर्ण कुल आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या परिशिष्टांत आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहाराचा हिशेब हाच सांगतो, कारण तुटक्या मुळांचा गड्डा शहरातल्या कोरड्या उन्हाळ्यात तग धरण्याची शक्यता फार कमी असते. पावसाळी सहलीवरून परतताना रस्त्यावर पडलेल्या फांदीवरची आमरी डिकीत घालून आणणाऱ्या हौशी मंडळींनी हे लक्षात घेतले तर बरे.

आता बांधणीच्या सेवेविषयी. रोपवाटिकेतून येणारा माणूस प्रथम बाग पाहतो आणि झाड निवडतो, आणि खरे कौशल्य याच निवडीत आहे. आमच्या नागाळा पार्कातल्या आवारात आंबा, पेरू, चाफा आणि कुंपणालगत एक निलगिरी आहे. माझ्या मनात पेरू होता, कारण तो स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे. आलेल्या गृहस्थांनी पेरूच्या खोडावरून हात फिरवला आणि सांगितले, “ताई, पेरूला बांधून उपयोग न्हाई, साल सोडतोय त्यो.” निलगिरीही त्याच कारणाने बाद झाली. आमरीची मुळे सालीवर पसरून तिला घट्ट चिकटतात. साल दरवर्षी सुटत असेल तर रोपाचे वर्षभराचे बस्तान तिच्याबरोबर गळून पडते. आंब्याची साल खडबडीत असते, भेगांत ओल थोडा वेळ टिकते आणि साल सुटत नाही, म्हणून आंबा निवडला गेला. फणसही चालतो, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर दिशा पाहिली. खोडाच्या पूर्वेकडच्या अंगाला, डोक्याच्या थोडे वर, जेथे सकाळचे ऊन पानांतून गाळून येते आणि दुपारनंतर खोडाचीच सावली पडते, अशी जागा ठरली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने रात्री सुसह्य असतात, पण एप्रिलमधल्या दुपारच्या पश्चिमेच्या उन्हात लहान रोपाची पाने करपतात.

बांधण्याची पद्धत साधी होती आणि ती साधी होती हेच चांगले. रोपाच्या बुडाखाली नारळाच्या काथ्याची अगदी पातळ गादी ठेवली, नव्या कोंबाची बाजू सालीकडे येईल असे पाहिले आणि सुतळीने आडवे-उभे वेढे देऊन रोप हलणार नाही इतपत आवळले. हलणारे रोप मूळ धरत नाही, कारण मुळाचे कोवळे टोक सालीवर घासून मोडते. तांब्याची तार अनेक माळी सर्रास वापरतात. ती येथे वापरली नाही, आणि तांबे मुळांना अपायकारक असल्याने ते योग्यच झाले. सुतळी एखाद-दोन पावसाळ्यांत कुजून पडते, तोवर मुळांनी झाड धरलेले असते. माझ्या रोपाने पहिल्याच पावसाळ्यात तसे धरले. ओली असताना हिरवी आणि वाळली की रुपेरी-पांढरी दिसणारी ती मुळे सालीच्या भेगा शोधत खाली उतरताना पाहणे हा या छंदातला मोठा आनंद आहे, फुलांहून थोडा अधिकच, असे मला वाटते. मुळांवरील स्पंजासारखे मृत पेशींचे आवरण पावसाचे पाणी झटकन शोषून घेते. रंगातला बदल त्यामुळे होतो, आणि पाणी घालावे की नाही हे सांगणारी सर्वांत सोपी खूणही तीच आहे.

बांधणीचा हंगामही त्यांनी नीट सांभाळला. मी मार्चमध्ये रोप ठरविले होते, परंतु वळवाचे एक-दोन पाऊस होऊन नवे कोंब फुटू लागेपर्यंत त्यांनी ते रोपवाटिकेतच ठेवून घेतले आणि मृगाच्या तोंडावर येऊन बांधले. पैसे आधी घेतले असताना रोप दोन महिने स्वतः सांभाळणे हा त्यांचा व्यवहारातला चोखपणा आहे.

येथवर कौतुक झाले. कुंडी आणि मिश्रणाबाबत मात्र माझे मत प्रतिकूल आहे. ज्यांच्याकडे झाड नाही, सदनिकेचा सज्जाच आहे, त्यांना हे दांपत्य भोके असलेली प्लॅस्टिकची कुंडी आणि स्वतः तयार केलेले “ऑर्किड मिश्रण” देते. तुलनेसाठी मी त्याच जातीचे दुसरे रोप कुंडीत घेतले. मिश्रणात नारळाच्या सोडणांचे तुकडे भरपूर, कोळसा थोडा आणि विटांचे खडे त्याहून थोडे आहेत. सोडण पाणी धरून ठेवते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात झड लागली की सज्जाच्या कोपऱ्यातही कुंडी दिवसेंदिवस वाळत नाही. बार्बॅट्युलमच्या मुळांना पाऊस चालतो, मुसळधारही चालतो, परंतु पावसानंतर वारा लागून ती वाळली पाहिजेत. झाडाच्या खोडावर हे आपोआप होते आणि कुंडीतल्या ओल्या सोडणांत होत नाही. त्या कुंडीतील मुळे ऑगस्टअखेर तपकिरी पडून दाबल्यावर पोकळ लागू लागली, तेव्हा रोप काढून आंब्याच्या जाड फळकुटावर बांधले आणि ते सावरले. मालकांना हे सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही, उलट सोडणांचे प्रमाण कमी करून पाहण्याचे मान्य केले. पण नंतर पाहिलेल्या पिशव्यांत मला फारसा फरक दिसला नाही. सज्जात ठेवणाऱ्यांनी थेट फळकुटावर बांधलेले रोपच मागावे. त्याला उन्हाळ्यात रोज संध्याकाळी फवारा मारावा लागतो, एवढाच त्रास. विटांचे तुकडे आणि लाकडी कोळसा कोणत्याही घरी फुकटात जमतो. त्यासाठी या मिश्रणाचे किलोला २५० रुपये देण्याचे कारण नाही.

माहितीपत्रकाची गोष्ट याहून गंभीर आहे. रोपाबरोबर एक चकचकीत कागद मिळतो आणि त्यावर लिहिलेले असते, “वर्षभर दररोज सकाळी पाणी द्यावे.” हा कागद रोपवाटिकेतील सर्व ऑर्किडना एकच आहे, आणि गोंधळ तेथेच आहे. त्यांच्याकडे मुख्यतः तीन प्रकारची रोपे विकली जातात: बाजारू संकरित डेंड्रोबियम, सीतेची वेणी आणि बार्बॅट्युलम. संकरित डेंड्रोबियम उष्ण, दमट हवेत वर्षभर वाढत राहते आणि त्याला पाणी व खत सतत हवे असते. सीतेची वेणी, जिचे गुलाबी-पांढरे लोंबते तुरे आसामात बिहूच्या वेळी केसांत माळतात आणि जी तिकडे राज्यपुष्प आहे, ती आपल्या घाटातही आढळते. ती सदापर्णी आहे, तिला पाणी साठवायला फुगीर कांड्या नाहीत, म्हणून हिवाळ्यात पाणी कमी केले तरी पूर्ण तोडता येत नाही. बार्बॅट्युलमचे वेळापत्रक या दोहोंहून निराळे आहे. ज्या जंगलातून ते आले तेथे ऑक्टोबरनंतर पाऊस जवळजवळ थांबतो, झाडांची पाने विरळ होऊन ऊन खोडापर्यंत पोहोचते, आणि साठवलेल्या पाण्यावर कांड्या कोरडे महिने काढतात. या कोरड्या विश्रांतीतूनच फुलांच्या कळ्या तयार होतात. या काळात रोज पाणी दिले तर एक तर बूड कुजते, किंवा कळ्यांच्या जागी कांडीवर पिल्ले फुटतात आणि फुलांचा हंगाम वाया जातो.

म्हणून दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करीत न्यावे आणि पाने गळाल्यावर नियमित पाणी बंदच करावे. दहा-बारा दिवसांतून एकदा सकाळी हलका फवारा पुरतो, तोही कांड्या फारच सुरकुतल्या तर. थोड्या सुरकुत्या पडणे हे स्वाभाविक आहे. गंमत अशी की मालकांना हे सर्व पक्के ठाऊक आहे. बांधणीला आलेल्या गृहस्थांनीही तोंडी अगदी बरोबर सांगितले होते, आणि पाने गळाली की झाड वाळले असे समजून दर हिवाळ्यात ग्राहकांचे फोन येतात, अशी तक्रार मालकीणबाई हसत हसत करतात. जे तोंडी सांगितले जाते ते कागदावर का येत नाही, याचे पटेल असे उत्तर मात्र मिळाले नाही. तीन रोपांना तीन वेगळे कागद छापणे फार खर्चाचे नाही. ग्राहक घरी गेल्यावर कागदावरच विसंबतो, आणि वर्षभर पाणी घालूनही फूल येत नाही म्हणून देशी आमरीलाच दोष देतो.

खताविषयीचा सल्ला मात्र योग्य आहे. महागड्या आयात खताच्या बाटल्या त्यांच्याकडे ठेवलेल्या दिसतात, पण विचारल्यावर मालक कृषी सेवा केंद्रात मिळणारे विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले खत) घ्यायला सांगतात, एका लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, केवळ जून ते सप्टेंबर या वाढीच्या काळात. ऊस आणि भाजीपाल्याच्या ठिबकसाठी वापरले जाणारे हेच खत आमरीला चालते, फक्त त्याची तीव्रता फार कमी ठेवावी लागते, कारण मुळांना वेढणारी माती नसल्याने जादा क्षार थेट मुळांवर साचतात. याच कारणाने बोअरचे जड पाणीही टाळावे. मुळांवर पांढरा थर दिसू लागला की समजावे पाणी बदलायला हवे. शक्य असेल तर पिंपात पावसाचे पाणी साठवून तेच उन्हाळ्यात फवारावे.

किडींच्या बाबतीत गोगलगायींचा उल्लेख केला पाहिजे. पावसाळ्याच्या रात्री त्या खोडावर चढतात आणि मुळांची कोवळी हिरवी टोके व नवे कोंब कुरतडतात. बांधणीच्या सेवेत एक मोफत पाहणी समाविष्ट आहे. ती जुलैत झाली, तेव्हा आलेल्या मुलाने कोंब खाल्लेले दाखविले आणि रात्री विजेरी घेऊन गोगलगायी वेचण्यास सांगितले. औषध विकण्याची संधी असताना त्याने ते सुचविले नाही. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण कोरड्या दिवसांत अधूनमधून दिसतात. ओल्या फडक्याने पुसून काढणे पुरेसे ठरले.

फुले दुसऱ्या हिवाळ्यानंतर आली, फेब्रुवारीच्या मध्यावर, दोन कांड्यांच्या टोकांवर, आणि पंधरवड्याहून अधिक काळ टिकली. रोपवाटिकेने “दोन ते तीन वर्षे” असे सांगितले होते, त्यामुळे या बाबतीत त्यांचा शब्द खरा ठरला. बाटलीतून नुकतीच काढलेली अगदी लहान रोपे ते कमी दरात देतात, पण त्यांना फुलायला याहून बरीच अधिक वर्षे लागतात आणि पहिल्या उन्हाळ्यातच त्यांतली अनेक दगावण्याचा संभव असतो. नवख्याने दर पाहून त्यांच्या मोहात पडू नये.

दरांविषयी थोडक्यात. तयार रोप ४५० रुपयांना, शहराच्या हद्दीत बांधणी व एक पाहणी मिळून ३०० रुपयांना पडली. संकरित डेंड्रोबियमची फुललेली कुंडी साधारण याच किमतीत येते, तेव्हा कोणाला हे महाग वाटू शकेल. पण त्या कुंडीमागे कोणी घरी येऊन झाड निवडून देत नाही. रोप पहिल्या पावसाळ्यात दगावले तर अर्ध्या किमतीत बदलून देण्याची तोंडी हमी आहे. ती पावतीवर लिहून घ्यावी, मागितल्यास देतात. पावती स्वतःहून मात्र दिली जात नाही, ती मागावी लागते, आणि त्यावर “प्रयोगशाळेत वाढविलेले रोप” असा उल्लेखही करून घेणे हिताचे आहे.

वागणुकीबद्दल तक्रार नाही, वेळेबद्दल आहे. ठरलेल्या दिवशी माणूस आला नाही असे दोनदा घडले आणि दोन्ही वेळा फोन मलाच करावा लागला. रोपवाटिका सोमवारी बंद असते आणि दुपारी एक ते चार या वेळेत तेथे पाणी घालणाऱ्या मुलाखेरीज कोणी भेटत नाही. त्याला रोपांची नावे ठाऊक असली तरी दर ठाऊक नसतात. बार्बॅट्युलमची विक्रीयोग्य रोपे थोडीच असतात आणि मेअखेरीस संपतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये, फुललेले रोप तेथे प्रत्यक्ष पाहता येते त्याच सुमारास जाऊन आपले रोप ठरवावे, त्यावर चिठ्ठी बांधून घ्यावी आणि बांधणीची तारीख पाऊस पाहून नंतर मागावी.